पाच मिनिटांची पद्धत

थोरलीनं हात लांब करून मॉनिटरचा गजर बंद केला. पडद्यावर तीन रेघा होत्या, तिन्ही सरळ. खोलीत दोन खुर्च्या, सलाइनचे दोन स्टँड, त्यांतला एक रिकामा, खिडकीत पाण्याच्या तीन बाटल्या आणि वडिलांचा चष्मा. माणसं तीन. आता दोन धरायची की तीनच, हे तिनं ठरवलं नाही. भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजून एकोणीस मिनिटं झाली होती. तिच्या मनगटावरचं घड्याळही तेच सांगत होतं.

आईचं पडद्याकडे लक्ष नव्हतं. ती वडिलांचे तळपाय चोळत होती.

"गार पडलेत," ती म्हणाली आणि चोळत राहिली.

छातीवर दाब द्यायचा नाही, घशात नळी घालायची नाही, हे आठवड्यापूर्वीच ठरलं होतं. वडिलांनी स्वतः सही केली होती. त्यामुळे धावपळ करण्यासारखं काही नव्हतं. थोरली स्वतः डॉक्टर होती, याच रुग्णालयात शिकलेली. पण मृत्यू जाहीर करणं हे ड्यूटीवरच्या इंटर्नचं काम, नातेवाइकांचं नव्हे. तिनं दारातून डोकं बाहेर काढून नर्सला मानेनंच खूण केली.

फोन थरथरला. धाकट्या भावाचा मेसेज होता : खाली गाडी लावतोय. आधी पोचतोय, सांग त्यांना.

'आधी' हा शब्द तो सकाळपासून लिहीत होता. तीन वर्षांपूर्वी वर्कशॉप विकण्यावरून त्याचं आणि वडिलांचं वाजलं होतं आणि त्या भरात वडील म्हणाले होते, आता मी गेल्यावरच ये. त्यानं ते धरून ठेवलं. वडिलांनी मागे घेतलं नाही. दोघंही एकाच मुशीतले, असं आई म्हणायची. परवा वडिलांनी डोळे न उघडताच "तो कुठाय?" असं विचारलं, तेवढ्यावर आईनं त्याला फोन केला होता.

इंटर्न आली. वयानं अगदीच लहान, केस क्लिपनं कसेबसे वर खोचलेले. तिनं पडद्याकडे पाहिलं, वडिलांच्या पापण्या उचलून टॉर्च मारला, मग स्टेथोस्कोप कानाला लावला. आणि मनगटावरचं घड्याळ काढून पलंगाच्या कडेवर, चादरीवर ठेवलं.

थोरलीची नजर त्या घड्याळावर थांबली. सहा एकवीस.

थोरली शिकत होती तेव्हा अर्धं मिनिट ऐकत, फार तर एक. मग ईसीजीची पट्टी काढायची, सही ठोकायची आणि पुढच्या पेशंटकडे पळायचं. इथे दीड मिनिट झालं तरी इंटर्न वाकलेलीच होती.

आईचे हात थांबले.

"एवढा वेळ का लावतेय? काही ऐकू येतंय का तिला?"

आईच्या आवाजात जे होतं ते थोरलीला नको होतं. ती पुढे होऊन इंटर्नला हळूच म्हणाली, की झालं असेल तर सांगून टाका, घरच्यांना उगाच आशा लागते.

इंटर्ननं एका कानातली नळी जराशी सरकवली.

"पाच मिनिटं पूर्ण ऐकायचं असतं, मॅडम. इथली जुनी पद्धत आहे. घाई आपल्याला असते, त्यांना नसते."

हे वाक्य थोरलीचं होतं. मधल्या स्वल्पविरामासकट.

सहा वर्षांपूर्वी तिनं इंटर्नशिपच्या वर्षावर एक कादंबरी लिहिली होती, टोपणनावानं. तिच्यातलं बरंचसं खरं होतं : उभ्याउभ्या लागलेली झोप, रक्ताच्या नमुन्यांची अदलाबदल, राउंडला फाइल भिरकावणारे सर. ते सर कोण, यावर कँटीनमध्ये पैजा लागल्या होत्या. अकरावं प्रकरण मात्र सपक पडत होतं. एका रविवारी दुपारी बसून तिनं त्यात एक म्हातारे प्राध्यापक घातले. ते मेलेल्या माणसाच्या पलंगावर आपलं घड्याळ ठेवतात आणि पोरसवद्या डॉक्टरला पाच मिनिटं पूर्ण ऐकायला लावतात. असे प्राध्यापक तिला कधी भेटले नव्हते. हे कोण, असं मात्र तिला कुणीच विचारलं नाही. ज्यानं त्यानं आपापल्या परीनं त्यांना ओळखलं होतं.

"कुणी शिकवलं तुम्हाला हे?" तिनं विचारलं.

"सीनियर्सनी. त्यांना त्यांच्या सीनियर्सनी. पूर्वी एक सर होते म्हणे. एका पुस्तकातही आलंय ते." इंटर्ननं नळी पुन्हा कानात बसवली.

त्या घड्याळाबद्दल तिला एकाच माणसानं विचारलं होतं, वडिलांनी. वडील गोष्टी सांगायला बसले की विहिरी पन्नास हात खोल होत आणि कुत्री वासराएवढी. लहानपणी थोरली मध्येच तोंड घालून खरा आकडा सांगायची. वडिलांनी तिचं नाव मोजपट्टी ठेवलं होतं. "गोष्ट सांगतोय गं, जमीन मोजत नाहीये," असं ते वैतागून म्हणत. कादंबरी वाचून झाल्यावर चष्मा कपाळावर चढवून त्यांनी विचारलं होतं, ते घड्याळाचं खरंच करता का तुम्ही? नाही, बनवलंय, ती म्हणाली होती. त्यावर ते बराच वेळ हसले होते.

"म्हणजे आता तूही थापा मारायला लागलीस. सुटलो मी."

दार ढकलून धाकटा आत आला. जिने चढून आला असावा, दम लागला होता, खांद्यावरची बॅग तशीच होती. त्याला वडिलांच्या छातीवर स्टेथोस्कोप धरून वाकलेली डॉक्टर दिसली.

"तपासतायत?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

"हो," थोरली म्हणाली, आणि अर्धं पाऊल बाजूला सरकली. मॉनिटरचा पडदा आता तिच्या पाठीमागे होता.

धाकटा बॅगेसकट गुडघ्यांवर बसला. वडिलांचा हात त्यानं दोन्ही हातांत घेतला आणि तोंड त्यांच्या कानाशी नेलं.

"आलोय मी, बाबा. आधी आलोय."

आईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. इंटर्न हलली नाही. चादरीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा दोनदा फिरला.

मग इंटर्ननं कानांतल्या नळ्या काढल्या, घड्याळ उचलून मनगटाला बांधलं आणि ईसीजीची पट्टी काढली. आईला तिनं आवश्यक तेवढंच सांगितलं, चांगल्या शब्दांत. आईनं मान हलवली. धाकट्यानं हात सोडला नाही.

"मी होतो ना तेव्हा?" तो आईला म्हणाला. "मी आलो तेव्हा होते ना ते?"

आईनं थोरलीकडे पाहिलं.

इंटर्न पट्टी हातात धरून पेन शोधत होती. खिसा चाचपता चाचपता तीही थोरलीकडे वळली.

"मॅडम, तुम्ही सुरुवातीपासून इथेच होतात. मॉनिटरवरच्या रेघा सरळ झाल्या तेव्हा किती वाजले होते? पाहिलं असेल तर तीच वेळ घालते."

थोरलीनं खिडकीतला चष्मा उचलला. त्याच्या काड्या मिटल्या, उघडल्या, पुन्हा मिटल्या.

"नाही. माझं लक्ष नव्हतं."

आईनं नजर काढून घेतली आणि वडिलांच्या पायांवरची चादर सारखी केली. इंटर्नला पेन सापडलं. पट्टी गुडघ्यावर ठेवून तिनं मनगट वळवून पाहिलं आणि लिहिलं : मृत्यूची वेळ, संध्याकाळी सहा वाजून सव्वीस मिनिटं.