अस्तरातली लिपस्टिक

मी एक जुनी लिपस्टिक आहे. हसू नका, मित्रांनो! लिपस्टिक म्हणजे नटवी, तिला कसलं आलंय दुःख, असंच वाटतं ना तुम्हाला? अहो, मी सहा वर्षं एका कोटाच्या अस्तरात कोंडून पडले होते. ना उजेड, ना वारा. आणि माझ्यापायी एका निरपराध बाईवर चोरीचा आळ आला, तो मला आतून निमूटपणे ऐकावा लागला.

माझा जन्म कारखान्यातला नाही. एका घराच्या पुढच्या खोलीत थोरल्या जाऊबाईंचं पार्लर होतं आणि मागच्या खोलीत धाकटीचं शिवणयंत्र. धाकटीला सगळे बारकी म्हणत. मुलांच्या दवाखान्याला मदत म्हणून तिथल्या बायका दरवर्षी एक फॅशन शो करत. लोकांनी दिलेले जुने कपडे नीटनेटके करून घालायचे, मंचावर मिरवायचे आणि तिथल्या तिथे विकायचे. कपडे बारकी सांभाळायची, चेहरे थोरली. मोठमोठ्या नट्यांचा मेकअप थोरली असा काही स्वस्तात उतरवायची की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं!

त्या वर्षी एका मासिकावरच्या नटीच्या ओठांचा रंग तिच्या मनात भरला. विटकरी लाल आणि त्यात जांभळाची नुसती झाक. थोरलीने पाच संपत आलेल्या लिपस्टिकांचे तळ केसाच्या आकड्याने खरवडून काढले, स्टीलच्या चमच्यात घेऊन मेणबत्तीवर वितळवले. सात वेळा बिनसलं. आठव्या खेपेला मी झाले. कशातलं किती घेतलं ते काही तिने लिहून ठेवलं नाही. "डोक्यात आहे सगळं," म्हणाली. कुठलं काय!

मला बघून बारकी हरखली. "अगं बाई, काय सुंदर झालीय! जाऊबाई, मला एकदा लावून बघू द्या ना."

"शो होऊ दे आधी. एवढीशी तर आहे. आणि प्रसाधनांचा तो मोठा दुकानदार येणार आहे, त्याला नमुना दाखवायचाय. पसंत पडली तर तो असा रंग करून घेणार आहे, माझ्या नावाने."

बारकी "बरं" म्हणाली, पण तिचा चेहरा एवढासा झाला. खरं सांगू? मलाही वाईट वाटलं. तिचे ओठ छान होते.

आता थोरलीची एक सवय ऐका. शोच्या आदल्या संध्याकाळी ती प्रत्येकीच्या कपड्याच्या खिशात तिची तिची लिपस्टिक ठेवून द्यायची. सांगायची कुणालाच नाही. सांगितलं की बायका आधीच लावून बसतात आणि चहाच्या कपावर अर्धा रंग जातो, असं तिचं म्हणणं. तशी मी एका जाड काळ्या कोटाच्या खिशात गेले. खिशाला कोपऱ्यात भोक होतं. मी घसरले ती थेट खाली, अस्तराच्या दुमडीत, कापसाच्या थरामागे.

आणि बारकीची सवय अशी, की फाटका खिसा दिसला की तिचा हात शिवशिवायचा. सकाळी लवकर येऊन तिने खिसा उलटा केला आणि भोक शिवून टाकलं. काळा दोरा संपला होता, म्हणून जांभळा घेतला. आत कोण बघतंय? एवढ्याशा कामाचं कुणाला सांगायचं तरी काय? मी जिवाच्या आकांताने ओरडले असते, मित्रांनो, पण मला ओठ रंगवता येतात, हलवता येत नाहीत.

तो कोट घालून दवाखान्यातल्या एक परिचारिकाबाई मंचामागे उभ्या राहिल्या. थोरलीने खिशात हात घातला. खिसा धडधाकट आणि रिकामा! तिच्या तोंडचं पाणीच पळालं. परिचारिकाबाई दुसराच कुठलातरी रंग लावून मंचावर गेल्या. दुकानदार थोडा वेळ थांबला, घड्याळ बघितलं आणि गेला. कोट पुन्हा हँगरवर आला, तेव्हा त्याच्यासमोरच दोघींची जुंपली.

"माझी लिपस्टिक दे."

"कुठली?"

"कुठली म्हणे! काल लाळ गळत होती ना तिच्यासाठी? माझं बरं झालेलं बघवलं नाही तुला."

खिसा म्हण गं बाई, नुसता खिसा म्हण! एवढा एक शब्द उच्चारला असतास तर बारकीला लगेच उमगलं असतं. पण थोरलीला रागापुढे काही सुचत नव्हतं. आणि बारकी? ती म्हणाली, "तुम्हाला असं वाटतं ना, जाऊबाई? मग मला काही बोलायचंच नाही." बास. तेवढ्यात एक निवृत्त ग्रंथपालबाई कोट विकत घेऊन गेल्या.

मग कपाट. डांबरगोळ्यांचा वास आणि मिट्ट काळोख. उन्हाळ्यात मी मऊ व्हायचे, थंडीत आक्रसायचे. आपण कुणासाठी झालो होतो, हेसुद्धा हळूहळू विसरायला लागले.

सहा वर्षांनी ग्रंथपालबाईंनी तोच कोट शोला देऊन टाकला. एक दिवस कात्रीचा थंडगार स्पर्श झाला आणि उजेड! समोर बारकी. खोली मात्र वेगळी होती, भाड्याची; त्या भांडणानंतर ती वेगळी राहायला लागली होती. यंत्र तेच. लांबी कमी करायला तिने दुमड उसवली आणि मी तिच्या मांडीवर पडले.

तिने मला उघडलं. मग घाईघाईने खिसा उलटा केला. जांभळा टाका. तिचाच. "म्हणजे मीच!" म्हणाली. मला परत दुमडीत घालून शिवूनही टाकता आलं असतं तिला. आता दाखवायला गेलं तर थोरली म्हणणार, एवढी वर्षं लपवलीस आणि आज आणलीस. तिने सुईत दोरा ओवला, परत काढला, पुन्हा ओवला, आणि माझा जीव टांगणीला.

शेवटी तिने कोट तसाच उसवलेला उचलला आणि पार्लरचा दरवाजा ढकलला. थोरली एकटीच होती. केस पांढरे झालेले.

"जाऊबाई, तुम्ही ती खिशात ठेवली होतीत?"

"मग कुठे ठेवणार?"

"खिसा फाटका होता. मी शिवला."

थोरलीने जांभळा टाका बघितला. मला बघितलं.

"सांगायचंस ना गं."

"तुम्ही विचारायचंत ना."

दोघीही रडल्या. मग थोरलीने नाक पुसलं, दिव्याचं बटण दाबलं आणि म्हणाली, "बस इथे. तोंड वर कर."

मी वाळले होते, मित्रांनो, भुगा पडत होता माझा. तरी थोरलीने बोटाची ऊब देऊन देऊन मला बारकीच्या ओठांवर पुरवलं. आता नळीत माझा रंग उरलेला नाही. तुम्हाला एवढंच सांगते, आपल्या माणसावर संशय आला तर मनातलं सगळं, कोपऱ्यातल्या भोकासकट, त्याला एकदा विचारा. आतल्या काळोखात सहा वर्षं फार मोठी असतात.