कोटाच्या बाहीतला सुभेदार

आगरदांड्याला आमच्या खळ्यात बोंबील वाळत घातले की वास येणारच. पण त्या साली आला तो वेगळाच. बाजारात गिऱ्हाईक बोंबील नाकाशी नेई आणि माझ्याकडे असं बघे, जणू ते काम मीच केलंय. मी आधी मिठाला दोष दिला, मग शेजारच्या गोदूबाईच्या बकरीला, मग चक्क वाऱ्याला. उरला आमचा बोका, सुभेदार. त्याला दोष देण्याची माझी छाती नव्हती.

मला मूलबाळ नाही. ती सगळी माया मी त्या पिवळ्या, कानफाटक्या जनावरावर ओतली होती. बोंबलाच्या मांडवाच्या एकेका खांबाकडे तो पाठ करी, शेपूट ताठ करी, आणि मी कौतुकानं सांगे, "बघा, राखण करतोय!"

एक दिवस घरधन्यांनी ती राखण जवळून पाहिली. भिजले ते त्यांचेच पाय.

"केसर, उद्याच्या तरीच्या होडीनं ह्याला दिघीला सोडून येतो."

"खाडीपार? तिथं त्याचं कोन हाय?"

"बायका असतील की जागोजाग," गोदूबाई कुंपणापलीकडून बोलली. "त्यापरीस भागोजीला बोलाव. बैल खच्ची करतो तो. माझ्या भावानं केला त्याचा बोका. घान न्हाय, मारामाऱ्या न्हाय, घर सोडून जात न्हाय."

मी भांडले, रडले, जेवण सोडलं. कालवण बरं होतं म्हणून एकाच वेळचं. शेवटी कबूल झाले. खाडीपार जाण्यापेक्षा हे बरं.

भागोजी आला तो बैलाचा भला मोठा चिमटा घेऊन. मी सुभेदाराला पदराखाली दडवलं.

"अगो बाय, ह्यो सवयीनं आनला," असं म्हणून त्यानं कनवटीचा वस्तरा उकळत्या पाण्यात टाकला. "बोक्याला डोक्याकडून कशात तरी घट्ट घाल, न्हायतर फोडून काढील. तुझा दादला अनंता कुठं हाय? त्याला धरू दे."

घट्ट असं घरात एकच होतं, घरधन्यांच्या काळ्या कोटाची बाही. लग्नाकार्याचा कोट. विचारायला वळले तर घरधनी नाहीत. होडीला डांबर लावायचं त्यांना नेमकं आत्ताच आठवलं होतं. आळीतले बाकीचे पुरुषही कुठं विरघळले कोण जाणे. मग गोदूबाईनं कोट आवळला, मी मागचे पाय धरले, आणि डोळे मिटून जी किंचाळले!

"बोका गप हाय," भागोजी म्हणाला, "तू कशाला वरडतेस? झालं की. हळद दे."

सुभेदार बाहीतून निघाला, माझ्याकडे एक नजर टाकली आणि उपड्या होडीखाली जाऊन बसला. मी ताजी मांदेली घेऊन होडीभोवती रांगत होते, "ये रे माझ्या राजा" करत. सगळा कोळीवाडा बघत होता. तो येईना. वाटलं, खाडीपार नाही धाडला, पण घालवला मीच.

जखम भरली तसा तो घरात आला. हळूहळू तो वासही गेला आणि बोंबील पुन्हा खपायला लागले. सुभेदाराचं भटकणं सुटलं, कान बरा झाला, अंग भरलं. आता तो दिवसभर घरधन्यांच्या मांडीवर असतो. तेही काटे काढून मासा भरवतात. "लई सोसलं रे पोरानं," म्हणतात. आणि मी हात पुढे केला, की तो हुंगतो, विचार करतो, आणि तोंड फिरवतो.

तो घरात राहावा, एवढंच मी मागितलं होतं. कुणाच्या मांडीवर, ते सांगायचं राहिलं.