विंडोज पुसण्याचं पुण्य

अदितीने लॅपटॉप निवडायला इतका वेळ घेतला की तेवढ्यात शेजारचं एक लग्न ठरून मोडलं. तिला एआरएम प्रोसेसरचाच हवा होता. तो तापत नाही आणि चार्जिंग दिवसभर पुरतं. वर त्यावर विंडोजऐवजी लिनक्स चालायला हवं होतं, कारण नव्या नोकरीचं काम त्यातच होतं. पण अशा लॅपटॉपवर लिनक्स सरसकट चालत नाही. कुठे वायफाय येतं तर आवाज नाही, कुठे दोन्ही येतात तर कीबोर्ड रुसतो. शेवटी सगळं चालणारं एक मॉडेल तिला सापडलं. खोकं अमरावतीला घरी आलं आणि ती मैत्रिणीच्या लग्नाला बार्शीटाकळीला गेली. जाताना वडिलांना सांगून गेली की चार्ज करून ठेवा, बाकी काही करू नका. सोमवारी सकाळी नोकरी सुरू व्हायची होती.

तिचे वडील रविकांतराव कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत आणि मधल्या सुट्टीत विंडोजविरुद्ध बोलत. ते आले की स्टाफरूममधली मंडळी चहाचे कप घेऊन व्हरांड्यात जात. असा माणूस लॅपटॉप नुसता चार्ज करून ठेवणार नव्हता. त्यांनी आधी विंडोज मुळापासून पुसलं, मग लिनक्स टाकलं. पडदा छान उजळला. वायफाय नव्हतं, आवाज नव्हता, बॅटरी किती उरली तेही दिसत नव्हतं.

मग त्यांनी मोबाइलवर माहिती वाचली. हे भाग जागे व्हायला फर्मवेअरच्या काही फाइली लागतात. या मॉडेलमध्ये त्या विंडोजच्या पोटातच असतात. आधी काढून घ्यायच्या, मग पुसायचं. लिनक्सला विंडोजकडून शिदोरी घ्यावी लागते, हे रविकांतरावांना वैचारिकदृष्ट्याही जड गेलं. सर्व्हिस सेंटरने आठवडा मागितला. उद्या सोमवार होता.

अकोल्याला जठारपेठेत त्यांचे साडू भगवंतराव वकील राहत. अदितीच्या सांगण्यावरून त्यांनी हेच मॉडेल घेतलं होतं. त्यातून फाइली मिळाल्या असत्या. पण शुक्रवारीच रविकांतरावांनी त्यांना फोन करून विंडोज कसं पुसायचं ते सविस्तर समजावलं होतं, आणि भगवंतराव शेवटपर्यंत हो हो म्हणत होते.

फोनवर विचारायची हिंमत होईना. लॅपटॉप पिशवीत घालून ते एसटीत बसले. मूर्तिजापूर येईपर्यंत आपण किती पटवून बोललो होतो तेच आठवत राहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या वक्तृत्वाची भीती वाटली.

भगवंतराव पोहे खात होते.

"पुसलं का?" रविकांतरावांनी दारातूनच विचारलं.

भगवंतरावांनी ओशाळून चमचा खाली ठेवला. "राग मानू नका, साडभाऊ. तुमी सांगून राहिले होते तवा मी मॅच पाहून राहिलो होतो. एक अक्षर आयकलं नाही."

रविकांतरावांनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. साडूपणाच्या इतक्या वर्षांत असा प्रसंग आला नव्हता. भगवंतराव दुसऱ्या हाताने पोहे संपवू लागले.

फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या, अदितीच्या लॅपटॉपमध्ये जागच्या जागी ठेवल्या, तो बंद करून चालू केला. वायफायच्या यादीत अर्धी गल्ली हजर झाली. बॅटरीचा आकडा उगवला. आवाज तपासायला बटण दाबलं, तर एका बाईने इंग्रजीत आधी डावीकडून आणि मग उजवीकडून हाक दिली. रविकांतरावांनी तिला चार वेळा बोलायला लावलं.

मग त्यांनी अदितीला फोन करून काही न लपवता सगळं सांगितलं. पलीकडे बँड वाजत होता; ती मंडपाबाहेर आली.

"लॅपटॉपचा आवाज येतो का?" तिने विचारलं.

"येतो."

"आणि वायफाय?"

"तेही."

"मग मावशीकडे जेवूनच निघा. आणि आता बंद करा तो."

त्यांनी तत्काळ बंद केला. भगवंतराव एव्हाना स्वतःचा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. साडूचं आपण ऐकलं नाही याची त्यांना खरोखरच रुखरुख लागली असावी.

"मंग आता मी पुसू का?"

रविकांतरावांनी घसा साफ केला. स्टाफरूम रिकामी करणारे सगळे मुद्दे तयार होते.

"असू द्या," ते म्हणाले. "चांगलं चाललंय तुमचं."