तिच्या हातचं

“खिसा दाखवा,” ती म्हणाली.

मिस्त्री दारातच उभे होते. एक चप्पल पायात, एक हातात. खालच्या बाकावर ऊन खाऊन ते नुकतेच वर आले होते. त्यांनी शर्टाच्या खिशावर तळहात दाबून धरला.

“माझे खिसे तपासणाऱ्या तुम्ही कोण?”

“घरातलीच आहे. दाखवा बघू.”

“आईसाठी नेतोय. तिचे आहेत.”

तिने त्यांची बोटं एकेक करून सोडवली. बोटांत जोर अजून होता. आयुष्यभर लिफ्टचे दोर ताणलेला हात होता तो. खिशातून मूठभर भाजलेले शेंगदाणे निघाले. तिने आधी त्यांचे ओठ पाहिले, मग जीभ, मग मान. काही नव्हतं. आईसाठी राखून ठेवले म्हणून वाचले. सासूबाईंना जाऊन किती वर्षं झाली, पण आज लेकाच्या कामाला त्याच आल्या, असं तिच्या मनात येऊन गेलं. दाणे कागदात गुंडाळून तिने बाहेरच्या कचऱ्यात टाकले, त्यांचा शर्ट भिजत घातला आणि त्यांचे हात साबणाने चोळून धुतले.

हात धुऊन घेताना मिस्त्री तिच्याकडे पाहत होते. “बाई,” ते समजुतीच्या सुरात म्हणाले, “कुणाच्या तोंडचा घास काढू नये.”

दाणे तळमजल्यावरच्या शिंप्याने दिले होते. तो नवा होता, त्याला काही माहीत नव्हतं. ती विचारायला गेली तेव्हा तो ओशाळला. “काका म्हणाले, सकाळपासून पोटात अन्न नाही. म्हटलं, म्हातारा माणूस, खाऊ दे.” तिने त्याला सगळं समजावून सांगितलं. शेंगदाणा त्यांना चालत नाही, चालत नाही म्हणजे घसा सुजून श्वास बंद होतो, आणि त्यांना स्वतःला हे आता आठवत नाही. शिंपी “असं होय,” म्हणाला, पण त्याची नजर तिच्या अंगावरून एकदा फिरली. नवऱ्याला घास मोजून घालणाऱ्या बाईकडे लोक जसं बघतात, तसं. त्या नजरेची तिला हल्ली सवय झाली होती.

हे दुखणं मिस्त्रींना जन्मापासून नव्हतं. लहानपणी त्यांचे खिसे कायम दाण्यांनी भरलेले असायचे. लग्नालाही बरीच वर्षं झाली होती, तेव्हा एकदा उंच इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मोटरखोलीत काम करता करता जोडीदाराने पुडी पुढे केली आणि मिस्त्रींची जीभ तोंडात मावेना. जोडीदाराने त्यांना पाठीवर टाकलं आणि नुकत्याच दुरुस्त केलेल्या त्याच लिफ्टमधून खाली आणलं. पुढे कुणी विचारलं की मिस्त्री सांगायचे, “काम चोख केलं होतं म्हणून वाचलो. लिफ्ट मध्येच अडकली असती तर माझ्याच हाताने मेलो असतो.” आणि वर म्हणायचे, “प्रत्येकाचा काळ असतो. माझा मुठीत मावतो, एवढंच.”

त्या दिवसापासून घरातून शेंगदाणा हद्दपार झाला. तेल बदललं, बिस्किटांच्या पुड्यांवरची बारीक अक्षरं वाचायची सवय लागली. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. मिस्त्री थट्टेने म्हणायचे, देवाने बरोबर जागी बसवलं हिला. एकदा दुकानात कुणाचा तरी वाढदिवस होता, तिने एक वडी खाल्ली. घरी येऊन पाणी प्यायली आणि तिचा उष्टा पेला मिस्त्रींनी तोंडाला लावला. त्या रात्री ते इस्पितळात होते. मग तिने बाहेरचं खाणं सोडलं ते सोडलंच. पर्समध्ये पेनासारखं इंजेक्शन असायचं, वापरलं नसलं तरी मुदत संपली की नवं यायचं. दोघांनी मिळून सांभाळलेली गोष्ट होती ती. मिस्त्री कुणाकडे गेले की पहिला प्रश्न तेलाचा विचारायचे. लग्नाच्या पंगतीला घरून जेवून जायचे आणि नुसते हसत बसून राहायचे. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, “आमच्याकडे बायकोच्या हातचं सोडून काही पचत नाही.” लोक हसायचे. ती लाजायची, आणि ते खरंच आहे म्हणून सुखावायचीही.

मग त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग माणसं. आठवणी शेवटाकडून गळत गेल्या. आधी निवृत्ती गेली, मग नोकरी, मग दुखणं गेलं, आणि त्याच्या मागोमाग लग्न गेलं. उरला तो खिशात दाणे घेऊन हिंडणारा मुलगा. पूर्वी ते तिला “अगं” म्हणत. आता “बाई” म्हणू लागले. बाईच्या घरी आपण का राहतो, हे त्यांना कळेना. आणि बाई जेवायला देते पण हवं ते देत नाही, एवढं मात्र पक्कं कळे.

ही तक्रार ते येईल त्याला सांगत. सगळ्यांत जास्त बहिणीला. वन्सं दोन गल्ल्या सोडून राहायच्या. नवरा गेल्यापासून एकट्याच होत्या, आणि दादा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्या आल्या की मिस्त्री त्यांचा हात धरून हळूच म्हणत, “मला इथून ने. ही बाई उपाशी मारते.” वन्सं डोळे पुसत. वहिनीला काही बोलत नसत, पण पुढच्या खेपेला काहीतरी डब्यातून आणत, आणि ती डबा उघडून नीट बघायची, आत काय काय घातलं ते विचारायची. वन्संना ते लागायचं.

“वहिनी, मी काय विष घालणार आहे का माझ्या भावाला?”

“तसं नाही हो वन्सं.”

“इतकी वर्षं झाली. कधीकधी अशी दुखणी आपोआप जातात म्हणे. माझ्या मैत्रिणीच्या नातवाची गेली.”

“तो लहान होता. यांची नाही जाणार. डॉक्टरांनी सांगितलंय.”

“डॉक्टर काय,” वन्सं म्हणाल्या आणि त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

त्या महिन्यात तिची दाढ ठणकायला लागली. लवंग धरून, गोळ्या घेऊन तिने दिवस ढकलले. शेवटी गाल सुजून डोळ्याला टेकला तेव्हा वन्संच म्हणाल्या, “जा तू. मी बसते दादापाशी. दुपारचं तर काम.” तिने मिस्त्रींना जेवू घातलं, ओट्यावर चहाची तयारी करून ठेवली, चारचारदा तेच सांगितलं आणि गेली.

दाढ सरळ निघाली नाही. डॉक्टरांनी बरीच झटापट केली. तोंडात कापूस दाबून, अर्धा चेहरा बधिर, अशी ती परत आली आणि जिन्यातच तिला खोकला ऐकू आला. कोरडा, आत काहीतरी अडकल्यासारखा. तो खोकला तिने आयुष्यात एकदाच ऐकला होता, उष्ट्या पेल्याच्या रात्री. ती उरलेल्या पायऱ्या कशी चढली, ते तिला नंतर आठवेना.

मिस्त्री खुर्चीत पुढे वाकून मान ओरबाडत होते. ओठ जाड झाले होते, डोळ्यांच्या फटी उरल्या होत्या. वन्सं पाण्याचा पेला घेऊन उभ्या होत्या. “चारच दाणे दिले गं,” त्या म्हणाल्या. “लहान मुलासारखा रडत होता. चारच.”

तिने वन्संना बोटाने फोन दाखवला. पर्स उघडून इंजेक्शन काढलं. तिला “अहो, मी आहे” म्हणायचं होतं, पण बधिर जिभेतून आणि कापसातून नुसता घोगरा आवाज निघाला. मिस्त्रींनी वर पाहिलं. समोर एक बाई होती. तिचा गाल सुजलेला, ओठांच्या कोपऱ्यातून रक्त ओघळत होतं आणि हातात काहीतरी टोकदार होतं. ते किंचाळले. निदान किंचाळायला गेले. घशातून शिट्टीसारखं काहीतरी आलं. त्यांनी तिला लाथ मारली. ती पडली, उठली, त्यांच्या गुडघ्यांवर अंगाचा सगळा भार टाकून तिने विजारीवरूनच मांडीत सुई रुतवली आणि दाबून धरली. ते तिच्या पाठीवर, डोक्यावर मुठी मारत होते. ती सोडेना. मग मुठी हळूहळू सैल पडल्या.

गाडी आली. इस्पितळात त्यांना आणखी औषधं दिली, नळी लावली. संध्याकाळी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले की धोका टळला, पण इंजेक्शनला थोडा उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.

दोघी बाकावर बसून होत्या. तिच्या तोंडाची बधिरता उतरली होती आणि ठणका सुरू झाला होता.

“मी त्यांना उपाशी मारते, असं तुम्हाला वाटत होतं ना?” तिने विचारलं.

वन्संनी पदराचं टोक पिळलं. “वाटत होतं,” त्या म्हणाल्या.

तिला खूप बोलायचं होतं, सगळ्या डब्यांचं, सगळ्या नजरांचं. पण शेजारी बसलेली बाई एकाएकी इतकी म्हातारी दिसायला लागली होती की शब्द तोंडातच राहिले.

मिस्त्री घरी आले. शेंगदाणा, खोकला, इस्पितळ, काहीच त्यांना आठवत नव्हतं. पण ती ताट घेऊन खोलीत शिरली तशी त्यांनी पाय पोटाशी घेतले आणि दोन्ही हातांनी मांडी झाकली.

“ही बाई टोचते,” ते वन्संना म्हणाले.

तिला वाटलं, विसरतील. सगळं विसरतात, हेही विसरतील. दुसऱ्या दिवशी चेहऱ्यावरची सूज उतरली होती; तिने केस नीट विंचरले, त्यांना पूर्वी आवडायची ती जुनी साडी नेसली. घास पुढे केला. त्यांनी ओठ मिटून मान भिंतीकडे फिरवली. तिने ताट खाली ठेवलं, दूर जाऊन बसली. ते जेवेनात. ती दाराबाहेर गेली, तरी दाराकडे बघत राहिले. दिवसभर पोटात पाणी सोडून काही गेलं नाही. संध्याकाळी वन्संनी तोच भात, तीच भाजी पुढे धरली आणि त्यांनी मुकाट्याने तोंड उघडलं.

“मी सांगते त्याला,” वन्सं स्वयंपाकघरात येऊन रडवेल्या आवाजात म्हणाल्या. “मीच दिले होते, तू वाचवलंस, सगळं सांगते.”

“काय सांगाल? टोचलं नव्हतं म्हणून?”

“वहिनी, मला तोंड दाखवायला जागा नाही.”

“मला तुमच्या तोंडाचं काय करायचंय? तुमच्या हातून ते जेवतात. तुम्ही इथंच राहायला या.”

वन्सं आल्या. एक पेटी आणि उशाशी लागणारी औषधं, एवढंच घेऊन आल्या. बाजारात गेल्या की दुकानदाराला भंडावून सोडत, पुडीवरची अक्षरं दोनदा वाचून दाखवायला लावत, तरी घरी आल्यावर पुडी तिच्यासमोर ठेवून म्हणत, “तू बघ एकदा.” खालच्या शिंप्याला त्यांनीच दम भरला. इंजेक्शन कसं द्यायचं तेही शिकल्या, पण शिकताना हात इतके कापत की ते काम तिच्याकडेच राहिलं. तिने आपलं अंथरूण स्वयंपाकघरात हलवलं. मिस्त्री झोपले की दारातून बघून यायची, श्वास नीट चालू आहे का. जागे असताना त्या खोलीत जायचं तिने सोडून दिलं.

एक दिवस जेवता जेवता मिस्त्रींनी विचारलं, “आत कोण आहे? भांडी वाजतात.”

वन्संचा हात थांबला. दाराच्या फटीतून त्यांनी आत पाहिलं. ती ओट्याशी उभी होती. तिने पुढे होऊन, ओठांनीच, आवाज न करता सांगितलं: स्वयंपाकाला बाई ठेवलीय म्हणा.

वन्संनी मान हलवली. नाही.

“कोण आहे?” मिस्त्रींचा आवाज चढला. त्यांचे हात मांडीकडे निघाले होते.

“स्वयंपाकाच्या बाई आहेत, दादा,” वन्सं म्हणाल्या. “चांगल्या आहेत.”

हात थांबले. मिस्त्रींनी आणखी एक घास मागितला. बराच वेळ चावून चावून खाल्ला. मग म्हणाले, “बाईंच्या हाताला चव आहे. सोडू नकोस यांना.”

“नाही सोडत.”

“आणि त्यांना वेळेवर जेवायला वाढत जा. राबणारं माणूस आहे.”

वन्सं रिकामं ताट घेऊन आत आल्या. त्यांना तिच्याकडे बघवेना. ताट ओट्यावर ठेवून त्या तशाच मागे फिरल्या, आणि बाहेर भावाचं तोंड पुसता पुसता त्याच्याशी कुठल्याशा लहानपणीच्या गोष्टी मोठ्याने बोलू लागल्या.

तिने पातेल्यात उरलेला भात वाढून घेतला. भाजी घेतली. खोलीच्या भिंतीला पाठ लावून ती खाली बसली. पलीकडे त्यांची खाट होती. ताटात चमचा होता. तो वाजू नये म्हणून तिने अलगद उचलून पदरावर ठेवला, आणि हाताने जेवायला लागली.