सरांची करंगळी

“सरांच्या डाव्या करंगळीकडे जरा बघ गं,” काकू म्हणाल्या होत्या. “मला दाद देत नाहीत. तू शिष्या, तुला सांगतील.”

तिला हसूच आलं. “अहो काकू, तीच तर सरांची खासियत!”

व्हायोलिन वाजवताना सर करंगळी दुमडून ठेवत. तिचं काम शेजारचं बोट तारेवरून अलगद घसरून करी, आणि त्या घसरणीवर लोक जीव ओवाळून टाकत. बायकोला नवऱ्याची कला कुठली कळायला, असं मनातल्या मनात म्हणून तिने विषय उडवून लावला. तेव्हा तिला सातवा महिना होता.

दोन वर्षांनी वाचनालयाच्या सभागृहात कलाकारांच्या गप्पा होत्या. विषय, कोणाकडून काय घेतलं आणि कोणाला कसली खोड. समोर पहिल्या रांगेत सर, शेजारी काकू, काकूंच्या मांडीवर तिची लेक. लेक शिंकली तरी मंचावर बसलेली ती मान उंचावून बघत होती.

“रंगाचं पाणी आणि चहा मी शेजारीशेजारी ठेवतो,” चित्रकार म्हणाला. “दोनदा चुकीचा कप तोंडाला लावलाय.”

“आणि चित्र?” गायिकेने विचारलं.

“चित्राला चहा आवडला!”

“मला डावी चप्पल काढल्याशिवाय सूर लागत नाही,” गायिका म्हणाली. “उजवी पायात असू देते. पळायची वेळ आलीच तर!”

हशा ओसरला आणि तिची पाळी आली.

“माझं सगळंच सरांचं,” म्हणत तिने व्हायोलिनवर ती घसरण वाजवून दाखवली. “माझी करंगळी ऐकायची नाही. मग काय, केसांच्या रिबिनीने तळहाताला बांधून टाकली. चांगले चार महिने!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. सरांनी टाळी वाजवली नाही. काकूंनी त्यांचा डावा हात हळूच आपल्या हातात घेतला.

कार्यक्रमानंतर सर मागच्या खोलीत आले. “बांधलीस?”

“हो सर,” ती अजून हसतच होती.

“वेडे, माझी उघडत नव्हती गं.”

त्यांनी हात पुढे केला. लेकीची मूठ ती रोज सकाळी एकेक बोट करून उघडायची, तशीच तिने ती करंगळी सरळ करून पाहिली. सोडताच बोट परत आत वळलं. त्या बाजूचा तळहात पार खंगला होता.

“आधी नुसत्या मुंग्या यायच्या. एकदा बोट घसरलं आणि टाळ्या पडल्या,” सर म्हणाले. “त्यानंतर कोणाला सांगणार?”

डॉक्टर म्हणाले, कोपरापाशी नस दबली आहे. “दोन वर्षांपूर्वी आला असतात तर बरंच परत मिळालं असतं. घरात कोणाच्या लक्षात नाही आलं?”

शेजारी बसलेल्या तिचं नाव काकूंनी घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं झालं असतं.

आता शेजारचं बोटही वळतंय. सरांनी व्हायोलिन पेटीत ठेवलं ते ठेवलंच. ती नव्याने करंगळी वापरायला शिकतेय. सर समोर बसून चुका काढतात. वादनात सरांची छाप राहिली नाही, असं लोक म्हणतात. ती पुन्हा करंगळी तारेवर ठेवते.

तुमच्याकडे तिचं एकच मागणं आहे. तुमच्याही माणसांत कोणाची तरी एखादी लकब असेल, जिचं तुम्ही चारचौघांत कौतुक करता. आजच जा त्यांच्याकडे. दुखतंय का, विचारा. “छे, काही नाही,” म्हणाले, तर हात हातात घेऊन बघा.