कुंताच्या हनुवटीचे केस

कुंताच्या हनुवटीवर केस यायचे. मऊ लव नव्हे, चांगले राठ, काळे केस. आज उपटावेत तर चार दिवसांत पुन्हा हजर. सिंदेवाहीजवळच्या तिच्या गावात याचा कोणाला सुगावा नव्हता, कारण तिची माय गोकुळा परसात बसून काटा काढायच्या चिमट्याने एकेक केस उपटून द्यायची. माहेरी भागत होतं. पण सासरी कोणापुढे हनुवटी वर करायची, या विचाराने पोरीचा जीव अर्धा झाला होता. सोयरीक जमत आली होती आणि मुलाची आई, रंभाबाई, पाहायला येणार होत्या.

बल्लारपूरच्या कागद कारखान्यात कामाला असलेल्या भावाने, मुखरूने, बातमी आणली की नागपूरला एक डॉक्टर विजेच्या सुईने केसाचं मूळच जाळतो. झालं! कुंताने ध्यासच घेतला. माय-लेकी नागपूरला गेल्या.

डॉक्टर सावध माणूस होता. बॅटरीची पेटी उघडण्याआधी त्याने सांगितलं, "सावळ्या कातडीवर सुईचे डाग राहू शकतात. काहींचे तर वण फुगून जाड होतात. जखम भरली की तुमचा वण असा फुगतो का? घरात कोणाचा?"

"नाई जी," दोघी एकदमच म्हणाल्या. आणि मनापासून म्हणाल्या.

कुंताच्या हातात विजेच्या दुसऱ्या तारेची ओली पितळी कांडी देऊन डॉक्टरने आधी जबड्याखाली, दिसणार नाही अशा जागी, सुई घातली. बारीक फेस आला आणि केस अलगद सुटून आला. असे थोडेच केस काढून तो थांबला. हे कसं भरतं ते पाहून मग हनुवटीचं बघू, म्हणाला. कुंता ऐकते कसली! तिने इतक्या विनवण्या केल्या की डॉक्टर पाघळला आणि सुई हनुवटीपाशी नेली. पोरीच्या डोळ्यांतलं पाणी पुसायला गोकुळाने हात पुढे केला, पदर सरकला, आणि डॉक्टरची सुई जागीच थांबली.

गोकुळाच्या हातावर कोपरापर्यंत गोंदणाची वेल होती. पण सपाट नव्हे, दोरीसारखी वर आलेली.

"हे काय आहे?"

"गोंदण होय जी. माह्या मायचंबी असंच उठून आलं होतं. बाया लय कौतुक करत."

"अहो बाई, मी हेच तर विचारलं होतं!"

"तुमी जखमेचं इचारलं. गोंदण काऊन जखम होईल? थो तं दागिना होय."

डॉक्टरने पेटी बंद केली.

परतीच्या गाडीत कुंता मायकडे पाठ करून बसली. त्या हाताचाच तिला राग आला होता. लहानपणी त्याच वेलीवर बोट फिरवत ती झोपायची.

पुढे जबड्याखालचे ठिपके भरले ते मोहरीच्या दाण्यांसारखे टणक, वर आलेले. हेच हनुवटीवर झालं असतं तर? तिने मायचं बोट धरून त्या दाण्यांवर ठेवलं. गोकुळाला रडू आवरेना.

"केसबी माह्येच, कातडंबी माह्यंच," ती म्हणाली. "तुले दुसरं काई देता नाई आलं, पोरी."

कुंताचा राग तिथेच विरघळला. सासरची भीती मात्र होती तशीच राहिली.

रंभाबाई आल्या त्या दिवशी कुंताने मायला केसांना हातच लावू दिला नव्हता. चहाच्या आधी तिने चिमटा आणून त्यांच्यापुढे ठेवला.

"मले हनुवटीवर केस येते जी. सुई करून पाह्यली, जमलं नाई. आत्ताच पाहून घ्या. मंग बोलू नोका."

रंभाबाईंनी चिमटा उचलला, उलटसुलट करून पाहिला. मग कुंताचं तोंड दाराच्या उजेडाकडे वळवलं.

"हालू नोको," त्या म्हणाल्या, आणि पहिला केस उपटला.