लूमवरच्या खोलीतली कवटी

मी एक जुनी कवटी आहे, मित्रांनो. दचकू नका. बाई होते की बाप्या, हे मला आठवत नाही. कवटीला तुम्ही 'ती' म्हणता, म्हणून मीही बाईसारखंच बोलते.

कुणीतरी मला उकळलं, चुन्यात ठेवून पांढरं केलं आणि माझा जबडा दोन स्प्रिंगांनी जोडला. मग डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलांच्या हाती मी फिरत राहिले. माझ्यावर बोटं फिरवत ते हाडांची नावं पाठ करत. १९७४ साली माझा एक दात पडला, तेव्हा एका मुलाने मला त्याच्यासारख्याच डॉक्टरकी शिकणाऱ्या नवशाला फुकट देऊन टाकलं.

नवशा मूळचा वडपे गावचा. वडील गेल्यावर तो आणि त्याची आई गुणाबाई भिवंडीत धामणकर नाक्यामागे, कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्यावरच्या फळ्यांच्या खोलीत राहत. गुणाबाई खाली सुताच्या कांड्या भरायची. नवशा बसने मुंबईच्या कॉलेजात जायचा आणि रविवारी लूमवर शिफ्ट करायचा. तरी फीचा दुसरा हप्ता काही जमेना. नाव कमी होईल, अशी तंबी कॉलेजने दिली होती.

खाली लूम सुरू झाले की फळ्या थरथरत आणि माझे दात आपोआप वाजत. खट्, खट्, खट्. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गुणाबाईने माझ्यावर टोपलं पालथं घातलं. पण शेजारणीने ते ऐकलं आणि हात जोडून विचारलं, "माजा भाव बोटीवरशी परत येल का?" मी वाजतच होते. आठवड्याने भाऊ परतला.

मग बायका येऊ लागल्या. नवशा कॉलेजात असताना, भर दुपारी. दात वाजले म्हणजे 'होय', असं त्यांनी धरलं होतं; लूम चालू असले की माझं उत्तर नेहमी 'होय' असायचं, त्यामुळे मी सगळ्यांना आवडले. मला हळदकुंकू लागलं, फुलं मिळाली. इतकं कौतुक जिवंतपणी झालं असेल असं वाटत नाही. गुणाबाई खाली मान घालून म्हणायची, "पोराची फी भरायची हाय. मनाला येल ते ठेवा." नवशाला तिने सांगितलं, कारखान्याच्या शेठने उचल दिली. त्याने फी भरली.

एका दुपारी ठकुबाई आली. कडेवर पाच वर्षांची मैना, तापाने फणफणलेली. "दवाखान्यात नेव की देवाचाच करू? माजी पोर घरीच बरी होल का, सांग गो आई!"

त्या दुपारी लाईट गेली होती. सगळे लूम गप्प होते. फळ्या निश्चल. "उद्या ये," असं गुणाबाई सांगणार, इतक्यात मैनेचं डोकं मागे गेलं. मान लाकडासारखी ताठ.

मेंदूज्वराचा तो ताठपणा मी ओळखला. मित्रांनो, मी कशाने मेले, ते मला त्या क्षणी आठवलं.

मला ओरडायचं होतं, 'उचला तिला! आत्ताच्या आत्ता न्या!' माझा जबडा उघडला आणि मिटला. पुन्हा उघडला. खट्, खट्, खट्.

"होय बोल्ली!" ठकुबाई रडत हसली. पोरीला घेऊन ती घराकडे वळली.

गुणाबाई मात्र पांढरी पडली. इतके दिवस ती जाणून होती की दात वाजतात ते लूममुळे. "लाईट न्हाय," ती पुटपुटली. "मंग वाजली कशी?" हळदकुंकवाचं तबक तिथेच टाकून ती अनवाणी नाक्यावर धावली. नवशा बसमधून उतरत होता. त्याचा हात धरून तिने रस्त्यातच सगळं सांगितलं.

नवशा तसाच धावत सुटला. ठकुबाईच्या घरात शिरून त्याने मैनेची मान पाहिली, तिला खांद्यावर घेतलं आणि सरकारी दवाखाना गाठला.

मैना वाचली. पण तिचे कान कायमचे गेले.

"तुझ्या फीसाठी केला रे," गुणाबाई म्हणाली.

"म्हणून तर माझं शिकण्यात मन लागत न्हाय आता," नवशा म्हणाला. त्याने ते वर्ष सोडलं, खालच्या लूमवर रोजची ड्युटी धरली आणि बायकांचे पैसे परत केले. दुसऱ्या वर्षी स्वतःच्या कमाईवर तो पुन्हा कॉलेजात गेला आणि डॉक्टर झाला.

मैना कधीकधी वर यायची. लाईट गेलेली असताना माझ्या जबड्यावर बोटं ठेवून बसायची आणि मधूनच मान डोलवायची.

"काय ऐकतं गो पोरी?" गुणाबाई घाबरून विचारायची. मैनेला तिचं बोलणं ऐकू यायचं नाही.

हात बदलत बदलत आता मी एका कॉलेजच्या कपाटात आले आहे. मुलं माझ्या दातांत विडी अडकवतात, हसतात. मित्रांनो, मला स्वच्छ फडक्यात गुंडाळून ठेवा. मी कुणाच्यातरी घरची होते. माझ्याकडून भविष्य वदवू नका. आणि कधी सगळं शांत असताना माझे दात वाजले, तर होय की नाही याचा विचार करत बसू नका. आधी पाहा, घरात कोण आजारी आहे.